तिसरा आग्रह

"ही डबी तुझ्या डाळींच्या मागं ठेव, पोरी. रविवारी जेवण झालं की मागून घेईन. जॉयसच्या हाती लागू देऊ नकोस."

मी शिऱ्यासाठी रवा भाजत होते. मिस्टर हॉलवर्थ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात नुकतेच धुतलेले. कोपराशी एक करडं पीस चिकटलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. डबी तंबाखूची होती, चपटी, कडेचा रंग उडालेली. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. मी झाकण उघडलं. आत नऊ बारीक कड्या होत्या, पक्कडीनं कापून उघडलेल्या, प्रत्येकीवर साल आणि नंबर.

कबुतरांच्या पायातल्या कड्या होत्या त्या. इचलकरंजीत माझा मामा ढाबळीत कबुतरं पाळायचा, त्यामुळे मला त्यातलं थोडंफार कळायचं. पिलू आठवड्याचं झालं की त्याच्या पायात कडी चढवतात, आणि पाय भरला की ती पुन्हा निघत नाही. मी गॅस बंद केला आणि खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. ढाबळीचं दार लावलेलं होतं. सकाळभर मी दवाखान्यात होते, सातवा महिना लागला होता मला, आणि परत आल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं का वाटतंय ते आत्ता कळलं. अंगणात घुमण्याचा आवाज नव्हता.

"पिलं शर्यतीच्या क्लबातल्या एकाला देऊन टाकली," ते म्हणाले. "पिलं नव्या जागी रुळतात. म्हातारी रुळत नाहीत. कुठंही नेऊन सोडा, ती इथंच परत येणार. नाहीतर त्यांना मरेपर्यंत कोंडून ठेवायचं. ते मला बघवलं नसतं."

म्हाताऱ्या नवांचं काय झालं ते मला विचारावं लागलं नाही. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि खिशात घातले. त्या नवांमध्ये ती निळसर मादीही होती, फ्रान्समध्ये सोडल्यावर समुद्र ओलांडून त्याच दिवशी संध्याकाळी घरी पोचलेली. तिचा फोटो त्यांच्या पलंगाशी होता, आणि बायकोच्या फोटोपेक्षा मोठा होता. आम्ही जैन. आमच्या घरी दिव्याभोवतीचा किडासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात. मी ती डबी पदरानं धरली आणि तुरीच्या डब्यामागं सरकवली.

हे एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या मे महिन्यातलं. बोल्टनमध्ये एकाला एक चिकटून असलेल्या लाल विटांच्या घरांची एक गल्ली होती, त्यातल्या एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. हे, म्हणजे माझे यजमान भूपाल मगदूम, सूतगिरणीत रात्रपाळी करायचे. खाली घरमालक डेरेक हॉलवर्थ, त्याची बायको जॉयस, सहा वर्षांची जेनेट आणि मागच्या खोलीत डेरेकचे वडील विल्फ्रेड. स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एकच. जॉयसनं पहिल्याच दिवशी माझं पद्मावती हे नाव कापून 'पॅट' केलं होतं. मी विल्फ्रेडना तोंडावर मिस्टर हॉलवर्थ म्हणायची आणि मनात आजोबा.

डेरेक गिरण्यांची यंत्रं बसवणारा कसबी फिटर होता. तिकडे एकेक गिरणी बंद पडत चालली होती आणि गल्लीत दर महिन्याला कुणीतरी ऑस्ट्रेलियाला नाहीतर कॅनडाला जायच्या गोष्टी करायचं. डेरेकला अमेरिकेतून पत्र आलं, दक्षिण कॅरोलिनातून. तिथं नव्या गिरण्या उभ्या राहत होत्या आणि लँकेशायरची माणसं हवी होती. दुप्पट पगार, घराला बाग, वर्षातले आठ महिने ऊन. जॉयसनं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. दोन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. शाळा कशा असतील, साप असतात का, चहा चांगला मिळतो का. चहाचं ऐकून मला हसू यायचं. आम्ही पण निघताना डाळीचं असंच विचारलं होतं.

अडलं होतं ते आजोबांवर. डेरेकनं त्यांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा पत्र आलं त्या दिवशी. ते म्हणाले, मी तिथं येऊन काय करू, आणि कबुतरांचं कोण करणार. दुसऱ्यांदा ईस्टरला, त्यांच्या नावाचा अर्ज आणून समोर ठेवून. ते म्हणाले, माझं इथं बरं आहे, माझी काळजी करू नका. डेरेकनं मान हलवली आणि अर्ज घड्याळामागं ठेवून दिला.

ती माणसं तशीच होती. कुणी नको म्हटलं की विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या गळ्यात पडणं. मला मात्र आजोबांचं ते 'नको' ऐकताक्षणी ओळखू आलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीला म्हणतात, तसलं होतं ते.

आणि तो खेळ त्यांना शिकवला होता मीच. आम्ही राहायला आलो त्या हिवाळ्यात मी शिरा केला. त्यांच्याकडेही रव्याची खीर असते, पण ती पांढरी, गिळगिळीत, शाळेतल्या पोरांना धाकानं खायला लावायची. माझा शिरा आजोबांनी चाटूनपुसून खाल्ला. आणखी वाढू का म्हटलं तर म्हणाले, नको. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा मी न विचारता पळी पुढं केली तर ताटली पुढं आली.

"तू लोकांना तीन-तीनदा का विचारतेस?" त्यांनी खाता खाता विचारलं.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्यात पहिलं 'नको' रीत म्हणून असतं. दुसरं, समोरच्याला मनापासून वाढायचंय का ते बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. ते एवढे हसले की खोकल्याची उबळ आली. तरुणपणापासून कापसाच्या धुळीत काम केलेली छाती होती ती. म्हणाले, आमच्यात असं केलं तर सगळं बोल्टन उपाशी मरेल. पण त्या दिवसापासून ते शिऱ्याला नेमानं दोनदा नको म्हणायचे आणि डोळे मिचकावून तिसऱ्याची वाट बघायचे.

त्या शुक्रवारी डबी ठेवून झाल्यावरही ते घुटमळले.

"दोनदा विचारलंय त्यानं मला," ते म्हणाले. "अर्ज सोमवारी टाकायचे आहेत, म्हणजे रविवारी पुन्हा विचारणारच. तो विचारेल आणि मी काही न बोलता ही डबी टेबलावर ठेवीन. तुमच्या पद्धतीनं."

"तुम्हीच का नाही सांगत, मला यायचंय म्हणून?"

"लेकाच्या संसारात बापानं आपणहून जाऊन बसायचं नसतं, पोरी. त्यानं बोलवायला पाहिजे. आणि तोंडानं म्हटलं तर त्याला वाटेल, म्हातारा कबुतरांसाठी झुरत बसणार. या कड्या बघितल्या की कळेल त्याला." मग म्हणाले, "जेनेटला तिथं शाळेत कोण पोचवणार?"

मी हसले. सगळं नीट होईल म्हटलं. पण सगळं नीट झालं तर आमचं काय होणार ते मला पक्कं माहीत होतं.

डेरेकनं एप्रिलमध्येच सांगितलं होतं. वडील इथं राहिले तर घर तो आम्हालाच विकणार. पैसे सवडीनं द्यायचे, अट एकच, मागची खोली वडिलांची आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायचं. वडील बरोबर निघाले तर घर दलालाकडे जाणार, कारण मग सगळे पैसे एकरकमी लागणार. दलालाकडून आमच्यासारख्यांना घर मिळत नव्हतं. आम्ही सहा ठिकाणी फिरलो होतो. घर कालच गेलं म्हणायचे, आणि पाटी पुढचे दोन महिने लटकत असायची. शेजारची बाई तर जॉयसला फाटकाशी गाठून सांगून गेली होती, जाताना गल्लीचा विचार करा म्हणून. मी तेव्हा वरच्या खिडकीत कपडे वाळत घालत होते.

शनिवारी ह्यांनी रंगाचा डबा आणला, फिकट पिवळा. वरच्या लहान खोलीत पाळण्यासाठी भिंत मोजली. मुलगा झाला तरी चालतो हा रंग आणि मुलगी झाली तरी, म्हणाले. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आधीची एक खेप वाया गेली होती, एका ओल असलेल्या तळघराच्या खोलीत, डिसेंबरात. ह्यांना मी डबीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे सरळ खाली जाऊन डेरेकला बोलले असते, तेवढा भरवसा होता मला ह्यांच्यावर. म्हणूनच सांगितलं नाही.

रविवारी आजोबा कोट-टाय घालून दहा वाजताच बैठकीत बसले. जॉयस म्हणाली, कुणाच्या लग्नाला निघालात. ते म्हणाले, रविवार आहे. जॉयस तिथंच टेबल मांडत होती. हे वर झोपले होते, म्हणून मी स्वयंपाकघरात माझ्यापुरत्या चपात्या लाटत होते, आणि शिरा केला होता सगळ्यांसाठी. डेरेक आत आला आणि दार लोटून घेतलं.

तो नळाशी जाऊन उभा राहिला. मोठ्या अंगापिंडाचा माणूस, पण बोलताना कानापर्यंत लाल व्हायचा.

"पॅट, तू दिवसभर त्यांच्याजवळ असतेस," तो म्हणाला. "मला एक सांग. मी त्यांना पुन्हा एकदा विचारू का? जॉयस म्हणते नको, दोनदा नाही म्हणालेत, आता छळू नकोस. पण मला राहून राहून वाटतंय."

माझ्या हाताशी तुरीचा डबा होता. त्याच्यामागं ती डबी. मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. डबी उचलून त्याच्या हातात दिली असती तरी पुरे होतं. तेवढंही नको, 'विचारा' एवढं म्हणायचं होतं.

"कबुतरं सोडून ते यायचे नाहीत," मी म्हणाले. "आणि पुन्हा विचारू नका. त्यांना त्रास होतो. तुम्हाला नाही म्हणताना त्यांच्या जिवावर येतं."

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं ते मला आजही सांगता येत नाही. पहिल्यावर भागलं असतं. डेरेकनं सुस्कारा टाकला, माझ्या खांद्याला हलकेच हात लावला आणि म्हणाला, "बरं झालं तुला विचारलं."

जेवताना आजोबा डेरेककडे बघत होते. मांस कापून झालं, बटाटे फिरले, जेनेटनं सांडलं, जॉयस ओरडली. डेरेक फुटबॉलबद्दल बोलला, मग जहाजाबद्दल, मग पुन्हा फुटबॉलबद्दल. आजोबांनी काटा-चमचा ताटलीत सरळ लावून ठेवला होता आणि हात टेबलावर. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया किंचित वर करून. मी उठले आणि शिरा आणायला गेले.

शिरा संपला. डेरेकनं रुमालानं तोंड पुसलं. "बरं तर मग," तो म्हणाला आणि घड्याळामागचे कागद काढून त्यातला एक बाजूला ठेवला. बाकीचे पाकिटात घातले.

आजोबांनी ते सगळं पाहिलं. "उद्या लवकर टाक," ते म्हणाले. "पोस्टात गर्दी असते सोमवारी." मग खुर्ची मागं सारून ते अंगणात गेले आणि रिकाम्या ढाबळीत जाऊन बसले. जॉयस मला हळूच म्हणाली, "बघ, जीव आहे त्यांचा त्या पाखरांवर."

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. मी डबी काढायला हात घातला तर म्हणाले, "राहू दे तिथंच."

दुसऱ्या दिवशी, अर्ज पोस्टात पडल्यावर, त्यांनीच डेरेकला सांगितलं की कबुतरं कमी करायला घेतलीत, छातीला धूळ सोसत नाही. डेरेकला वाटलं, आता एवढ्यातच काढायला लागलेत. ढाबळीत डोकावण्याची सवय त्याला लहानपणापासून नव्हतीच. जुलैत डेरेक, जॉयस आणि जेनेट लिव्हरपूलहून निघून गेले. आजोबा दारातूनच हात हलवत राहिले, कारण बंदरापर्यंत जायला छाती पुरत नव्हती. ऑगस्टमध्ये माझी मुलगी झाली. पिवळ्या खोलीत पाळणा टांगला. घर आमचं झालं.

मी आजोबांचं सगळं केलं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. पथ्य, औषध, अंथरूण, थंडीत छातीला शेक, दर महिन्याला दक्षिण कॅरोलिनाला पत्र. पत्रात शेवटी काय लिहू विचारलं की म्हणायचे, लिही, माझं इथं बरं आहे. माझ्या मुलीला त्यांनी खांद्यावर घेऊन वाढवलं. रागाचा शब्द कधी आला नाही त्यांच्या तोंडून.

फक्त एक झालं. शिरा केला की मी वाढायची, ते खायचे. आणखी घ्या म्हटलं की म्हणायचे, नको. मी पुन्हा म्हणायची, पुन्हा नको. मी तिसऱ्यांदा पळी पुढं करायची तेव्हा ते ताटलीवर तळहात आडवा धरायचे. रागानं नाही, अगदी शांतपणे. अडीच वर्षांत त्यांनी माझ्याकडून दुसऱ्यांदा कधीच काही वाढून घेतलं नाही. मी कितीदा प्रयत्न केला. शिऱ्यात बदाम घातले, बेदाणे घातले, एकदा तर रडायला आलं मला. ते म्हणाले, "पोट भरलंय, पोरी," आणि माझ्या मुलीला घेऊन बाहेर गेले.

बाहत्तरच्या फेब्रुवारीत ते गेले, मागच्या खोलीतच. डेरेक एकटा आला, विमानानं. उन्हानं रापला होता, बोलण्यात अमेरिकन हेल आला होता. अंत्यविधी आटोपल्यावर तो अंगणात गेला आणि ढाबळीचं दार उघडून उभा राहिला. आत एक खुर्ची होती, बाकी स्वच्छ झाडलेलं.

मी त्या दिवशी डबी काढून ठेवली होती. ती त्याच्या वडिलांची होती आणि त्याच्यासाठी होती, आणि द्यायचीच असं मी सकाळी ठरवलं होतं. स्वेटरच्या खिशात घालून मी त्याच्यामागं अंगणात गेले.

"कबुतरं कधी काढली त्यांनी सगळी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही गेल्यावर," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं.

मी चहा केला. तो टेबलाशी बसला, त्या रविवारी बसला होता त्याच खुर्चीवर.

"आम्ही घर घेतलं तेव्हा तळमजल्यावर एक खोली जास्तीची असलेलंच घेतलं," तो म्हणाला. "पहिल्या नाताळापर्यंत तिथं पलंग घालून ठेवला होता. वाटायचं, पत्रात कधीतरी लिहितील, येतो म्हणून. शेवटी जॉयसनं तिथं शिवणाचं मशीन ठेवलं." त्यानं डोळे पुसले. "पण त्या दिवशी तू मला थांबवलंस ते बरं झालं, पॅट. मी पुन्हा विचारलं असतं तर त्यांना तिसऱ्यांदा नाही म्हणावं लागलं असतं."

माझा हात खिशात होता. डबी घट्ट धरल्यामुळे तिची कड तळहातात रुतली होती. मी स्वतःला म्हटलं, आता सांगून या माणसाला कशाला जन्मभर जाळायचं. ते खरं नव्हतं. मला भीती वाटली. घर अजून पुरतं फिटलं नव्हतं, आणि त्याहून जास्त म्हणजे तो माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होता ते बदललेले मला बघवले नसते.

हे जाईपर्यंत ह्यांना मी सांगितलं नाही. मुलीला सांगितलं नाही, जिला वाटतं की आजोबांनी तिच्यासाठी अमेरिका सोडली. डबी अजून डाळींच्या मागंच आहे. वर्षातून एकदा फडताळ पुसताना मी ती काढते, उघडत नाही, पुन्हा ठेवते.

त्या दिवशी डेरेकचा कप रिकामा झाला. मी किटली उचलली आणि विचारलं, आणखी घेणार का. तो म्हणाला, नको.

मी किटली खाली ठेवली.